आकडीवरची शाल

आता काय सांगू तुम्हाला, मी निघाले होते दक्षिण ध्रुवाला वाचवायला आणि घोळ घातला सिद्धेश्वर गावाजवळच्या आमच्या शेतात!

महामारीचे दिवस होते. परदेशात बर्फाचा अभ्यास करून मी घरी परतले होते. अंटार्क्टिकाच्या एका संशोधन तळावर माझी निवड झालेली. तिथे मोजकी माणसं, एकच डॉक्टर, हिवाळ्यात विमानही उतरत नाही. रोग शिरला तर संपलंच! म्हणून सगळ्या देशांनी मिळून ठरवलं: जाणाऱ्यानं आधी काही दिवस कुणाच्या जवळ जायचं नाही. नियम मोडला तर जहाज त्याच्याविना सुटणार.

मी शेतातल्या पत्र्याच्या खोलीत एकटी राहिले. डबा बांधावर यायचा. दारात बसून मामाच्या मेंढ्या बघायचे. डोळे अर्धे मिटले की त्यांचे हिमनग व्हायचे, संथ तरंगत जायचे. एखादा हिमनग मध्येच बें करायचा, एवढंच!

शेवटच्या दिवशी सगळ्या देशांचे सोबती आणि आमचे तळप्रमुख फोनच्या पडद्यावर जमले होते. तेवढ्यात बांधावर गाव लोटलं.

"मामा, जवळ येऊ नका!"

"आमी काहून येऊ? बांधावरच हाव न! एकटी राह्यली म्हनून तुझा सत्कार करून राहिलो."

एकटं राहिल्याबद्दल सत्कार! आहे का जगात दुसरं असं गाव? सगळ्यांच्या तोंडाला मास्क, दोघांत हातभर नव्हे, चांगलं बैलगाडीभर अंतर. मी अभिमानानं फोन तिकडे वळवून कुंपणावर ठेवला. "बघा, हे माझं गाव!"

शेळ्यांना पाला तोडायची लांब आकडी असते ना, तिच्या टोकाला शाल अडकवून मामानं ती लांबूनच पुढे केली.

"घे माय. तिकडं थंडी लई. पांघरत जाय."

मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले होते. आता तुम्हीच सांगा, कुणाला राहवेल? मी धावले आणि थेट मामाच्या गळ्यात पडले. बिनमास्कची!

मामा खांबासारखा ताठ. "आगं सोड पोरी! समदं जग बघून राहिलं न!"

कुंपणावरच्या फोनमधून तळप्रमुखांचा शांत आवाज आला, "समारंभ सुंदर झाला. तुमचे दिवस आता पुन्हा पहिल्यापासून."

"आणि जहाज?"

"ते परवा सुटतंय."

सुटलंही. मी शाल पांघरून हिमनग बघत बसले.

तळावर रोग मात्र पोचला नाही हं! सगळ्या देशांनी आणि माझ्या गावानं नियम पाळून तो तळ सुखरूप ठेवला.

माझ्यापासून!