गरम हवा फक्त बाबांच्या बाजूला

आधीच सांगून ठेवते, मी या प्रकारातली नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवणानंतर सुपारी चघळावी तसे वाचते... चघळायचे आणि विसरायचे. आमच्या घरात ‘भूत’ हा शब्द फक्त भूतकाळ शिकवताना निघायचा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की सायकलला पिशवी बांधून आजूबाजूच्या गावांत निघायचे. लिंबातून रक्त काढून दाखवायचे, काडी न लावता आग पेटवून दाखवायचे, आणि मग हे कसं केलं तेही तिथंच सांगून टाकायचे. एका गावात तर त्यांना लोकांनी पिटाळून लावलं होतं. तरी पुढच्या रविवारी पिशवी बांधलेली. “कारण असतेच. सापडलं नाही, तर तो आपला दोष, कारणाचा नाई,” हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

तर अशा माणसाची मुलगी हे लिहून राहिली आहे. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललं नाही.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावात राहतो. मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली, घरात मी आणि बाबा दोघंच. बाबांच्या किडन्या कामातून गेल्या आणि आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या पाळीत नंबर लागला, म्हणजे उजाडता उजाडता निघायचं. वाटेतलं मूल गाव सोडलं की पुढे बराचसा रस्ता जंगलातून जातो. गाडी आमची जुनी, पांढरी, सेकंडहँड. मी चालवते, बाबा बाजूला डावीकडे.

उन्हाळ्यात काही वाटलं नाही. पण गेल्या हिवाळ्यात बाबांचे हाल झाले. डायलिसिसवाल्या माणसाला आधीच थंडी जास्त वाजते, त्यात आमच्या धानपट्ट्यातलं सकाळचं धुकं. स्वेटर, त्यावर कोट, मफलर, मांडीवर ब्लँकेट, आणि तरी दात वाजायचे. हीटरचं बटण लालवर फिरवून पाहिलं तर गार वारा. उजवीकडे गार, डावीकडेही गार. बिघडला असेल म्हणून मी बंद करून टाकला. आमच्याकडे हीटर नीट करायला कोण जातं? चंद्रपूरच्या माणसाला एसीची चिंता.

आणि एक दिवस बाबा चहा पिता पिता शांतपणे म्हणाले की आता पुरे. मशीनला बांधून घ्यायचं, कुडकुडत यायचं, परत तीन दिवसांनी तेच. मी नाही येत.

मी आधी रागावले, मग समजावलं, मग रडले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की खाडा चालणार नाही, आणि बाबांना ते माझ्याहून चांगलं समजत होतं. विज्ञान शिकवलेला माणूस... त्याला काय सांगायचं? शेवटी म्हटलं, आजच्या दिवस चला, हीटर लावते. हे मी निव्वळ थाप मारली होती. त्यांची समजूत पटावी म्हणून बटण लालवर नेलं आणि पंखा चालू केला.

मूलच्या पुढे लागलो तेव्हा बाबांनी मफलर सोडला. थोड्या वेळानं ब्लँकेट मागच्या सीटवर टाकलं. मला वाटलं, रागात करून राहिले. इकडे माझी बोटं स्टेअरिंगवर बधिर.

“सुजाता, तुह्याकडे गरम नाई येत का?”

मी हात लांबवून त्यांच्या समोरच्या जाळीवर धरला. गरम हवा. चांगली गरम, चुलीपुढं बसल्यासारखी. माझ्या जाळीतून मात्र बर्फ. म्हटलं चला, अर्धा का होईना, सुरू झाला. बाबा दवाखान्यात चालत चालत गेले आणि दुसऱ्या वेळी निघायच्या दिवशी ‘नाही’ म्हणाले नाहीत. माझ्यासाठी तेवढं बस होतं.

पण बाबा ते बाबा! एकाच पंख्याची हवा एकीकडे गरम आणि एकीकडे गार, हे त्यांना पचेना. कारण काढ, म्हणाले. मी गाडी शकीलभाईकडे नेली. त्यांचं गॅरेज बसस्टँडच्या मागे आहे, त्यांचे वडीलही हेच काम करायचे. शकीलभाईंनी इंजिन तापवलं, हीटर लावला, दोन्ही जाळ्यांवर हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्हीकडे गार. मी स्वतः हात लावून पाहिला. गारच! माझी अशी पंचाईत झाली की विचारू नका. तरी भल्या माणसानं कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून आत अडकलेली हवा काढली. काही फरक नाही.

पुढच्या खेपेला शकीलभाईंना चंद्रपूरहून काही पार्ट आणायचे होते, ते आमच्यासोबतच मागे बसले. मूलच्या पुढे बाबांनी विजयी मुद्रेनं त्यांना हात पुढे करायला सांगितला. शकीलभाईंनी केला... आणि मग चंद्रपूर येईपर्यंत तो हात मागे घेतलाच नाही. उतरताना म्हणाले, समजलं. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरते, तो अर्धा चोकअप झाला असन. धुऊन टाकू, दोन्हीकडे सारखं येईल. बाबा खूश. कारण सापडलं.

दोन दिवसांनी मी गाडी गॅरेजात सोडून कॉलेजात गेले, तर शकीलभाईंचा फोन आला की जरा येऊन जा. मी गेले तर ते बोनेट उघडून नुसते उभे. इंजिनकडून हीटरला जाणारे दोन पाइप असतात म्हणे. ते दोन्ही हीटरवरून काढून एकमेकांना जोडून टाकले होते, वर पक्क्या क्लिपा. पूर्वीच्या मालकानं कधीतरी केलेलं काम. आमच्याकडे असं सर्रास करतात... हीटर गळायला लागला, पायात पाणी आलं की दुरुस्ती कोण करते, या उन्हाच्या मुलखात हीटर हवाय कोणाला! काढा अन् जोडा.

“ताई, याच्या हीटरमंदी पानीच जात नाई. ये तो कबका बंद पडा है,” शकीलभाई म्हणाले. “मंग त्या दिवशी माह्या हाताले काय लागलं?”

त्यांनी हीटरच्या नळीचं तोंड दाखवलं. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, तेही जुनं, वाळून खडक झालेलं. पाण्याचा थेंब नाही. आम्ही दोघं त्या मातीकडे बघत उभे राहिलो. मी इतकी गोंधळले होते की त्यांना ‘धन्यवाद’ म्हणून गाडी न घेताच पायी घरी आले.

रस्ताभर माझ्या डोक्यात एकच... बाबांना सांगू की नको? ज्या माणसानं जन्मभर लोकांना सांगितलं की असं काही नसतं, त्याला या वयात सांगायचं की तुम्ही ज्या हवेवर जगून राहिले ती येते कुठून तेच कळत नाही? परत म्हणाले, मी नाही येत, तर? मी खरंच घाबरले होते. पण बाबांपुढे खोटं टिकत नाही, चेहरा पाहूनच ओळखतात. सांगून टाकलं.

बाबांनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. मग उठले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर शोधाशोध करू लागले. शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर काढला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. पुसला, उजेडात धरला. डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं नव्हतं. वर्गात शिरायच्या आधीचा चेहरा.

“म्हणजे कारण दुसरं हाये,” ते म्हणाले. “आपली पाळी उद्या ना?”

तिथून पुढे जे सुरू झालं त्यानं माझं डोकं पार फिरलं. डावीकडे पारा चढायचा, उजवीकडे धरला तर जागचा हलत नव्हता, हे तर पहिल्याच दिवशी पक्कं झालं. बटण निळ्यावर नेलं तरी डावीकडे गरमच. मग बाबा मागे बसले आणि डावीकडची सीट रिकामी ठेवली. दोन्हीकडे गार. मग त्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवायला लावलं, वजनानं काही होते का पाहायला. जंगलातून मी पोत्याला सीटबेल्ट लावून चालले आहे, मागे बाबा थर्मामीटर धरून... समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वाकून वाकून पाहिलं. गार. इंजिनची ऊब फटीतून येत असेल म्हणून शकीलभाईंनी सगळ्या फटी बुजवल्या. तरी बाबा बसले की गरम. बाबा आत मशीनवर असताना मी दवाखान्याबाहेर त्यांच्या सीटवर बसून पाहिलं, हेही सांगते. गार.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, गोंडपिपरीहून आली तेव्हा तिलाही सोबत नेलं. ती पुढे बसली तर गार, बाबा बसले तर गरम. तिनं मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं की वहिनीच असन, दुसरं कोण त्याची एवढी काळजी करन? बाबांनी ऐकलं. मला वाटलं आता स्फोट होतो. पण ते म्हणाले, “तुही वहिनी असती, तर सगळी गरम हवा तिनं आपल्याकडे ओढली असती. जन्मभर पांघरूण तिनंच ओढलं.” आम्ही तिघंही हसलो. मग बाबा अंगणात जाऊन एकटेच बसले, बराच वेळ. मीही त्यांना हाक मारली नाही. मला त्या दिवशी आईची फार आठवण आली.

उन्हाळा लागला आणि प्रयोग बुडाला. चंद्रपूरच्या मे महिन्यात कोणत्या जाळीतून गरम येतं आणि कोणत्या नाही, हे काय कळणार? सगळं जगच हीटर. बाबा चिडचिड करायचे. थंडी पडायची वाट पाहणारा डायलिसिसचा पेशंट दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिला असेल. या हिवाळ्यात शकीलभाईंनी नवा हीटर बसवून पाइप नीट जोडून देतो म्हटलं, म्हणजे ताईलेही गरम लागन. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण बाबांनी साफ नाही म्हटलं. ते जोडलं तर मग कसं कळेल? तर मी अजून हातमोजे घालून गाडी चालवते.

आता मुख्य सांगायचं ते सांगते.

मागच्या आठवड्यात एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. म्हणजे जागे होते, पण भिंतीकडे तोंड करून पडलेले. पाय सुजलेले, श्वास लागत होता. “आज राहू दे, सुजाता,” म्हणाले. आवाज असा की मला मागच्या वर्षीची ती चहाची सकाळ आठवली. या खेपेला मी रडले नाही, रागावलेही नाही. मला काय सुचलं कोण जाणे. मी गाडीची किल्ली उचलली आणि म्हटलं, ठीक आहे, तुम्ही पडा. मी पोतं ठेवून एक चक्कर मारून पाहते.

मी दारापर्यंत गेले. मग भिंतीकडून आवाज आला.

“पोत्याचं झालं हाये. तेच तेच काऊन करते?”

आणि ते उठले. हळूहळू, खाटेला धरून. मी हातमोजे चढवले, कोट घातला. थर्मामीटर त्यांनी स्वतः खिशात ठेवला. अंगणात धुकं होतं. गाडी सुरू केली, पंखा लावला, आणि मूलच्या पुढे त्यांनी रोजच्यासारखा मफलर सोडला. दवाखान्यात उशीर झाल्याबद्दल बोलणी खावी लागली, पण मशीनवर घेतलं. संध्याकाळपर्यंत श्वास बरा झाला.

तर झालं असं. भूत म्हणा, योगायोग म्हणा, माझं डोकं फिरलंय म्हणा. मग शकीलभाईंचं आणि आत्याचंही फिरलं असेल, आणि त्या थर्मामीटरचंही. मला काही म्हणायचं नाही, कारण मला काही कळलेलंच नाही. वाचणाऱ्यांत गाड्यांचे जाणकार खूप आहेत, इंजिनिअर आहेत, त्यांच्यापैकी कोणाला हे उलगडलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

फक्त मलाच लिहा. आमच्या घरी फोन करून बाबांना सांगू नका.