पहिल्या पाठातला डोळा

माणसं अचानक उगवायला लागली, तेव्हा तिला वाटलं घरातल्यांनीच चाल बदलली आहे. ओट्याशी ती एकटी उभी असायची, आणि बघता बघता कोपराला कोपर लावून नणंद उभी. ना पाऊल वाजलेलं, ना सावली हललेली.

"वहिनी, मी काय भूत आहे? दर वेळी दचकतेस."

"मग खाकरत येत जा."

"स्वतःच्या घरात खाकरत फिरू? मी काय तुझा सासरा आहे?"

हसण्यावारी गेलं. पण रस्त्यातही तेच होऊ लागलं. मोकळ्या हवेतून सायकल फुटायची आणि शिवी देऊन पुन्हा हवेत विरायची. ओळखीच्या दारांच्या चौकटी खांद्याला लागायच्या. जग समोरून जसंच्या तसं होतं, स्वच्छ. फक्त बाजूंनी कुणीतरी दबा धरून बसल्यासारखं.

डोळ्यांच्या इस्पितळात, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, ती शिकाऊ डॉक्टरांसाठी व्हिडिओ जोडायची. दिवसभर पडद्यावर परातीएवढे डोळे. कुणाचे ते तिला ठाऊक नसे. चेहरा कापूनच डोळा तिच्याकडे यायचा. लांबण दिसली की ती छाटायची, म्हणून मोठे डॉक्टर तिला 'कात्री' म्हणत. पाठांना आवाजही तिचाच होता, सावकाश, कुणाला झोपेतून उठवू नये असा.

एकच डोळा कुणाचा ते तिला माहीत होतं. पहिल्याच पाठात 'निरोगी डोळा' म्हणून जो येतो, तो तिचा. चित्रीकरणाच्या दिवशी ठरलेला माणूस आला नव्हता. "तूच बस गं," तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, आणि तिच्या उजव्या डोळ्याच्या तळाशी कॅमेरा उतरला होता. त्याला आता दहाएक वर्षं झाली. ती म्हातारी होत चालली होती, तो डोळा मात्र तिशीतच थांबून कुठल्या कुठल्या गावांतल्या शिकाऊ मुलांकडे टक लावून बघत होता.

एका दुपारी त्या पाठाखाली लांबच्या एका शिकाऊ मुलीचा प्रश्न येऊन पडला. 'नस जिथून निघते त्या चकतीची खालची कड पातळ वाटते. हा डोळा नक्की निरोगी आहे ना?'

प्रश्न ठेवणं, पुसणं तिच्याच हातात होतं. तिचं बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं पाठ लावला. फिकट केशरी गोल, त्याच्या मध्ये उजळ खोलगट भाग, भोवती कड. वरची कड भरलेली. खाली मात्र कुणीतरी नखानं कुरतडल्यासारखी. शेकडो वेळा पाहिली होती ती कड. पण खाली 'निरोगी' लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं वाचल्यावर डोळ्याकडे कोण बघतंय?

काचबिंदूच्या पाठातलं एक वाक्य तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. 'हा आजार दुखत नाही. बहुधा कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही.'

पुसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ती उठली आणि डॉक्टरांना खाली घेऊन आली.

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. "पातळ आहे," शेवटी म्हणाले. "तेव्हाही होती, कुणी पाहिली नाही. कुणाचा गं हा डोळा?"

"माझा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. "चल," एवढंच म्हणाले.

नजरेचा परीघ मोजायचं यंत्र म्हणजे आतून पांढरा, मोठा वाडगा. त्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक दिवे चमकतील तेव्हा हातातलं बटण दाबायचं. दिवे चमकू लागले. तिनं दाबलं, दाबलं. मग दिवे थांबले.

वाडग्यात कुठंच काही नव्हतं. वाट पाहणं तेवढं होतं. आणि यंत्र मात्र आत बारीक टकटकत होतं, दर दिव्याला एकदा, न चुकता. टक. टक. दिवे लागत होते. वाडगाभर लागत होते, फक्त तिच्यासाठी नाहीत.

याच तपासणीचा व्हिडिओ तिनं जोडला होता. त्यातला रोगीही असाच मध्येच गप्प झाला होता, बटणावर अंगठा ठेवून, टकटक ऐकत. काही घडतच नाही, म्हणून तिनं तेवढा तुकडा छाटून टाकला होता.

"दोन्ही डोळ्यांत उरलंय ते पुष्कळ आहे," डॉक्टर नंतर म्हणाले. "थेंब रोज घालायचे. उरलेलं सांभाळू. गेलं त्याचं..."

दुसऱ्या दिवशी तिनं कापलेला तुकडा शोधून जागेवर बसवला, टकटकीसकट, त्यावर आवाज न देता. मग आपला डोळा पहिल्या पाठातून काढून काचबिंदूच्या पाठात नेला आणि खालचा शब्द बदलला. लांबच्या मुलीला उत्तर पाठवलं. 'बरोबर पाहिलंत.'

"जुना पाठ सगळीकडून निघाला ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपल्याकडून निघाला. ज्यांनी आपापल्या संगणकावर उतरवून ठेवलाय त्यांच्याकडून कसा निघेल?"

संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. डावीकडे कुणी नव्हतं. "वहिनी, आले गं," नणंदेचा आवाज अगदी कानाशी आला. तिनं मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठं नणंद उगवली.

आणि कुठल्याशा गावात, कुणाच्या तरी पडद्यावर, तिचाच आवाज सावकाश सांगत होता, हा डोळा निरोगी आहे, नीट बघून ठेवा. आणि मुलं तो नीट बघून ठेवत होती.