आधी स्तुती, मग सूचना

नीळकंठराव मुळावकर हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण ते निवृत्त झाले फक्त पगारातून. घरात चहा हवा असला तरी सुरुवात व्हायची, "कालची वांग्याची भाजी उत्कृष्ट होती." रत्नप्रभावहिनी पातेलं घासता घासता म्हणायच्या, "भाजीचं पोचलं. आता काय पाहिजे ते बोला."

सरकारकडे उघडपणे काही मागू नये, हे त्यांचं शास्त्र. आधी साहेबाला स्तुतीने पोटभर जेवू घालायचं, तो पान खायला टेकला की मग हळूच विषय काढायचा. गावातले सगळे अर्ज त्यांच्याकडून लिहून जात. विजेचा खांब मागायचा तर पहिलं पान उजेडाच्या गुणगानात. आम्ही पारावर बसून थट्टा करायचो, पण खांब आला होता हेही खरं. म्हणून नीळकंठरावांनी लिहिलं म्हणजे पक्कं, असं गाव धरून चालायचं.

त्या वर्षी पराटीवर, म्हणजे उभ्या कपाशीवर, बोंडअळी पडली. पराटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्यामुळे फवारणारा वर तोंड करून फवारी आणि औषध त्याच्याच डोळ्यांत उतरे. नीळकंठरावांचं वावर श्रावण बटईने, निम्म्या वाट्यावर, करायचा. पाठीवर पंप त्याच्याच. पोळ्याच्या आधी एकदा तो वावराच्या धुऱ्यावर ओकत पडला. संध्याकाळी उठून बसला खरा, पण नीळकंठराव हादरले. गावच्या दवाखान्याला पाटी होती, दार होतं. विषबाधेवरचं औषध मात्र नव्हतं.

नेमकं त्याच सुमारास सरकारने जाहीर केलं की कारभारात सुधारणा काय हव्यात ते नागरिकांनी घरबसल्या संगणकावरून सुचवावं. नीळकंठराव नवरदेवासारखे इस्त्रीचे कपडे घालून पिंटूच्या सेवा केंद्रात गेले. घरून कच्चा मसुदा लिहून नेलेला. टायपिंग शिकलेल्या जुन्या माणसाची नजर कागदावर असते, पुढ्यातल्या यंत्रावर नसते; त्याचा त्यांना भारी अभिमान. कागदाकडे बघत त्यांनी सगळं बडवलं.

"काकाजी, एकडाव वाचून पाहू काय?" पिंटूने विचारलं.

"माझं टाइप आजवर कोणी तपासलं नाही. पाठव."

पिंटूने पाठवलं.

पंधरवड्याने तालुक्याहून फोन आला, अभिनंदन झालं, एक माणूस येऊन फोटो काढून गेला. आणि एका सकाळी दवाखान्याच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला. हात जोडलेले नीळकंठराव, आणि खाली, 'येथील रुग्णसेवा तत्पर व परिपूर्ण आहे – एक समाधानी नागरिक.'

दूध आणायला ते आता दवाखान्यावरून जायला लागले. डेअरी उलट्या बाजूला होती.

"औषध आलं का?" वहिनींनी विचारलं.

"स्तुती पोचली म्हणजे मागणी मागोमाग येते. प्रक्रियेत असेल."

दसऱ्याच्या तोंडावर भर दुपारी श्रावण फवारता फवारता पराटीच्या तासात कोसळला. तोंडाला फेस. त्याच्या बायकोने, विमलताईने, सेवादासचा ऑटो बोलावला.

सेवादास म्हणाला, "वैनी, सीधं यवतमाळले काढतो."

"कायले? गावातच सगळं आहे ना आता. काकाजीचा फोटो नाही पाह्यला तू? थे खोटं लिवतीन काय?"

दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. "येतीलच" म्हणून ती बसवत राहिली, फोन लावत राहिली. शेवटी तीच रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, औषधच नाही. न्या इथून." तोवर उन्हं कलली होती. यवतमाळला श्रावण वाचला. त्याचे डोळे नाही वाचले.

नीळकंठराव पिंटूकडे धावले. पिंटूने त्यांचा मजकूर पडद्यावर काढून दाखवला. सरकारने दिलेली चौकट लहान होती, भरली की पुढचं घेत नव्हती. शासनाची दूरदृष्टी, दवाखान्याची स्वच्छता, परिचारिकांची तत्परता, सगळं आत मावलं होतं. शेवटचा शब्द होता 'तथापि'. औषध त्याच्या पुढे होतं. फ्लेक्स करणाऱ्याने तेवढा 'तथापि'ही छाटला होता.

त्यांनी तिथल्या तिथे दुसरी सूचना पाठवली. जन्मात पहिल्यांदा बिनस्तुतीची. चार दिवसांत उत्तर आलं: 'सदर विषयावर आपण यापूर्वी समाधान नोंदवले असल्याने सूचना निकाली काढण्यात येत आहे.' असली भाषा नीळकंठरावांनी उभा जन्म लिहिली होती. आज ती घरपोच मिळाली.

श्रावणला अंधत्वाचा दाखला हवा होता. नीळकंठराव स्वतःहून पेन घेऊन त्याच्याकडे गेले. मीही मागोमाग गेलो. अशा ठिकाणी मी चुकत नाही. श्रावण बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. विमलताईने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"अर्ज लिहून देतो, विमल."

"राहू द्या, काकाजी. दिपालीनं लिवला."

दिपाली तिची मुलगी, आठवीतली. विमलताईने कागद पुढे केला. 'माझ्या बाबाले दिसत नाही. दाखला द्या.' एवढंच, आणि खाली श्रावणचा अंगठा.

नीळकंठरावांनी कागद वाचला, उलटून पाहिला, परत वाचला. सवयीने हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"वरती 'सेवेशी सविनय सादर' घालायला हवं होतं," ते पुटपुटले.

"कायले?" विमलताईने विचारलं.

तिला खरंच उत्तर हवं होतं. ती उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे बघत. नीळकंठरावांनी कागद तिच्या हातात दिला आणि पायात चपला सरकवायला लागले.