गुणाजी तोरसकरांचा सूजासुर

शोध लावला दमयंती मॅडमनी, यात वाद नाही. तो भोईवाड्यातल्या सार्वजनिक गणपतीत मांडला गुणाजी तोरसकरांनी, यातही वाद नाही. आणि मांडला तो पेटंटचा अर्ज जायच्या आधी. सगळी बोंब झाली ती तिथे.

गुणाजी मूळचे साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. चार माग एकटे सांभाळायचे, आणि कुठल्या मागावर तार तुटली ते पाठमोरे असतानाही त्यांना कळायचं. निदान ते तसं सांगायचे. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. दोन महिन्यांत मिटेल, असं सगळा भोईवाडा म्हणत होता आणि गुणाजी जरा जास्तच मोठ्याने म्हणत होते. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. गुणाजी वर्षभर सावंतवाडीकडे गावी जाऊन बसले, नारळ सोलण्याचा कंटाळा आला तेव्हा परत आले, आणि पंच्याऐंशी साली शेजारच्या गणपत शिपायाने त्यांना परळच्या एका संशोधन संस्थेत चिकटवून दिलं. काम होतं प्रयोगाचे उंदीर सांभाळायचं.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "उंदरांचा काही अनुभव?"

गुणाजी म्हणाले, "साहेब, मी चाळीत राहतो."

लागली नोकरी.

माणूस हुशार होता आणि त्याला स्वतःलाही ते माहीत होतं. दहा वर्षांत गुणाजींना उंदीर, काचेच्या नळ्या, वाफेचं भांडं, सगळं पाठ झालं. मग संस्थेत दमयंती मॅडम आल्या. वरळी कोळीवाड्यातली मुलगी, आई सखुबाई बाजारात मासे विकायची. पोरगी शिकून डॉक्टर झाली, पण मासे कापायची डॉक्टर काही झाली नाही, असं सखुबाई सगळ्यांना सांगायची. सखुबाईची बोटं आमवाताने वाकडी झाली होती. मॅडमनी संशोधनाला हाच विषय का घेतला, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

तो विषय असा. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. 'सूज आणा' हाही त्यातलाच एक निरोप. तो झेलायला पेशीच्या अंगावर प्रथिनाचा पंजा असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. आमवातात हे निरोप थांबतच नाहीत आणि सांधे बिचारे विनाकारण सुजत राहतात. त्यावर युक्ती अशी की, नुसते पंजे बनवून रक्तात मोकळे सोडायचे. निरोप त्या मोकळ्या पंज्यांतच अडकतो, पेशीपर्यंत पोचत नाही. एवढं जगाला माहीत होतं. मॅडमचं नवं काय, तर त्यांनी दोन पंजे एका प्रथिनाच्याच दोरीने जोडले आणि ती दोरी नेमकी किती कड्यांची हवी ते शोधून काढलं. आखूड झाली तर दोन्ही पंजे एका वेळी निरोपाला धरत नाहीत. लांब झाली तर गुंता. सतरा कड्या. सोळा नाही, अठरा नाही. या सतऱ्यात सहा वर्षं गेली.

टेबलावर ठेवायला मॅडमनी त्याचा एक नमुना करायला घेतला तेव्हा लाल लाकडी मणी ओवले गुणाजींनी. ओवता ओवता म्हणाले, "मॅडम, आमच्या साच्यावर पण हेच. ताण जास्त झाला तर तार तुटते, सैल सोडली तर गुंतते."

मॅडम हसून म्हणाल्या, "तेच तर!"

या 'तेच तर'वर गुणाजी जे तरंगायला लागले ते पुन्हा जमिनीवर आले नाहीत. शोधात आपलाही हात आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात पेटंटचं काम निघालं. वकील होते गिरगावचे गंगाधर पाठारे. त्यांनी सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या आणि बजावलं, "अर्ज दाखल होईपर्यंत कुणी कुठे बोलायचं नाही. एकदा जगजाहीर झालं की ते नवं राहत नाही, आणि नवं नसलं की पेटंट नाही." गुणाजींनीही सही केली. अर्ज लगेच जायचा होता, पण गणपती आले. पाठाऱ्यांच्या ऑफिसातली चारही माणसं कोकणातली. टंकलेखक गेला, आकृत्या काढणारा गेला, हेडक्लार्क गेला, शिपाईसुद्धा गेला. मागे उरले एकटे पाठारे आणि डोक्यावरचा पंखा. अर्ज पडला दोन आठवडे लांबणीवर.

इकडे भोईवाड्यात चाळीच्या मंडळाची बैठक भरली. कार्यवाह रामजी म्हणाला, "यंदा गिरणीचा देखावा नको हां. चोवीस वर्षं तोच भोंगा वाजवतोय आपण. लोक नमस्कार करतात आणि न बघता जातात. काहीतरी सायंटिफिक पायजे."

सगळ्यांनी गुणाजींकडे पाहिलं. चाळीत सायन्सचा माणूस तोच एक.

आता दुसरा कुणी असता तर त्याने चांद्रयान केलं असतं, नाहीतर पाणी वाचवा. गुणाजींनी रजा टाकली आणि रात्रंदिवस राबून आमवात उभा केला. मधोमध थर्माकोलची भोपळ्याएवढी पेशी. तिच्यावर हलणारे पंजे, त्यांना जुन्या टेबलफॅनची मोटर. एका बाजूने यायचा सूज आणणारा निरोप, म्हणजे लाल डोळ्यांचा, फुगलेल्या गालांचा सूजासुर. त्याला पाहून गणपती सोंड हलवायचा आणि वरून सुटायचे दोन मोकळे पंजे, लाल मण्यांच्या माळेने जोडलेले. ते सूजासुराला दोन्हीकडून गपकन धरायचे. पायाशी पांढरा उंदीर. त्यावर रामजीच्या आवाजातली टेप: "आणि तेवढ्यात... हाऽऽहाऽऽहा! सूजासुर आला!"

लाईन चाळीबाहेर गेली. गुणाजींची छाती मंडपाच्या कमानीत मावेना. त्यांनी कौतुकाने दमयंती मॅडमनाच दर्शनाला बोलावलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम आल्या, सोबत सखुबाई. हात जोडले, डोळे उघडले आणि समोर पाहिलं. सोंड हलली, पंजे सुटले, सूजासुर सापडला. मॅडमनी मंडपाचा बांबू धरला.

"गुणाजी, हे काय केलंत?"

"आवडलं ना मॅडम?"

"तुम्ही सही केली होती! कुठे बोलायचं नाही म्हणून!"

"मी एक शब्द बोललो नाही," गुणाजी दुखावून म्हणाले. "बोललाय तो रामजी."

मॅडम तिथेच फुलांच्या टोपलीशेजारी खुर्चीत बसल्या. सहा वर्षं गेली हो, एवढंच म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेने गुणाजींना खुलासा मागणारं पत्र दिलं. पेटंट बुडालं तर नोकरी जाणार, हे त्यात सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं. निवृत्तीला आठ वर्षं होती.

कौसल्यावहिनींनी पत्र वाचून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "माका वाटलाच होता. सगळे लोक मोदक खाऊन गप ऱ्हवतत. तुमकाच कित्याक शानपण सुचता?"

"अगो, लोकांना ज्ञान दिलं मी!"

"दिल्यात ना? आता घरात बसा, आणि माका पण द्या."

त्या संध्याकाळी वकील पाठारे स्वतः आले, सोबत मॅडम आणि सखुबाई. पांढरा शर्ट, हातात वही, गर्दीत कुणाच्या अंगाला अंग लागू नये म्हणून कोपरं पोटाशी घेतलेली. त्यांनी देखावा तीनदा पाहिला आणि सुस्कारा सोडला. "मूर्ती सुरेख आहे. बाकी कठीण आहे." मग म्हणाले, "एकच बघायचं. हे पाहून एखाद्याला शोध समजतो का? समजला, तर संपलं. नाही समजला, तर काहीतरी करता येईल."

"सगळ्यांना समजतो," गुणाजी ताठ मानेने म्हणाले.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो गुणाजी, समजत नाही म्हणा!"

"कसं म्हणू? लोक काय येडे आहेत?"

पाठारे बाहेर पडायच्या वाटेवर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागले. गुणाजी मागे, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखे.

पहिला होता गुणाजींचा गिरणीतला जुना सोबती धोंडू. "कळलं की! तो लाल म्हणजे मालक. भोपळा म्हणजे गिरणीची जमीन. दोन पंजे म्हणजे बिल्डर आणि सरकार. बरोबर ना गुण्या?"

"अरे, तू चार माग चालवलेस ना रे माझ्या बाजूला!" गुणाजी कळवळले.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, बर्ड फ्ल्यू. एका बाईला पक्कं ठाऊक होतं की हा भोपळ्याचा प्रसाद मिळणार आहे आणि मंडळवाले तो लपवतायत. चौथ्याने उलट वकिलांनाच विचारलं, "पंजा दाखवलाय म्हणजे काँग्रेसचं मंडळ आहे का हो?" दर उत्तराला मॅडमचा चेहरा उजळत होता आणि गुणाजींचा पडत होता. नोकरी वाचत होती, पण माणूस बुडत होता.

"टेपमध्ये स्पष्ट सांगितलंय की!" ते रामजीवर ओरडले. "तू हसतोस फार, त्यात सगळं झाकून जातं!"

तेवढ्यात बाकावर बसलेली सखुबाई म्हणाली, "तुमी मना इच्यारा ना. मना सगला ठाव हाय." आणि वाकडी बोटं नाचवत तिने पंजा, निरोप, दोरी, आखूड आणि लांब, सगळं एका दमात सांगून टाकलं. वर पुस्ती जोडली, "जाल्याचं बी तसंच. ताणून बांधलं का मावरा निसटतो."

गुणाजींनी तिच्या पायाला हात लावायचाच बाकी ठेवला. वकिलांची वही खाली पडली. "आजी, हे सगळं तुम्ही देखावा पाहून सांगताय?"

"देखावा कनचा? मना दिसतो कुठं? माजे पोरीनं सांगितलंय घरी, जेवताना."

पाठाऱ्यांनी सावकाश मान वळवून मॅडमकडे पाहिलं. मॅडम गणपतीकडे पाहू लागल्या. गुणाजींनी शर्टाची कॉलर सरळ केली.

"आईला सांगितलेलं चालतं," पाठारे शेवटी म्हणाले. "ती घरातली गोष्ट. पण आजी, आता पुरे." आणि ते पुन्हा देखाव्यापाशी जाऊन चष्मा वर करून मणी मोजू लागले. दोनदा मोजले. "मॅडम, इकडे या जरा. हे अकराच आहेत."

मॅडम धावल्या. "अकरा? अहो पण खरे तर सत..."

"आकडा बोलू नका!" वकील एवढ्या जोरात ओरडले की रांगेतली पोरं रडायला लागली.

गुणाजींचा चेहरा आता मात्र खरोखर उतरला. चोरी पकडली जावी तसा. ते खालच्या आवाजात म्हणाले, "जागा पुरेना, मॅडम. माळ पूर्ण केली असती तर मंडप पुढे घ्यावा लागला असता, आणि तळमजल्यावरच्या कमलवहिनी दार अडवू देईनात. म्हणून सहा मणी गाळले. वाटलं, कोण मोजतंय. जन्मात कधी कमी तारांचं कापड काढलं नाही मी." आणि एकदम उसळून म्हणाले, "थांबा, आत्ता लावतो! वाकडी टांगतो माळ, बसेल!"

"नको!" मॅडम, वकील आणि कौसल्यावहिनी एका सुरात किंचाळले.

अकराच्या दोरीने काहीच धरलं जात नाही, हे मॅडमच्या तीन वर्षांपूर्वीच्या वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं. म्हणजे देखाव्याने जगाला जे शिकवलं ते साफ चुकीचं होतं. पाठाऱ्यांना हवं होतं ते मिळालं. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टँपपेपर आणला. त्यावर गुणाजींनी लिहून द्यायचं होतं की, मी उभारलेल्या देखाव्यातली रचना चुकीची असून तिचा प्रत्यक्षात काही उपयोग नाही. शिवाय अर्ज जाईपर्यंत त्यात एका मण्याचाही बदल करायचा नाही.

गुणाजींनी तो कागद मराठीत दोनदा वाचून घेतला. "'जागेअभावी चुकीची' असं लिहा," ते म्हणाले.

"नाही चालणार. लांब असायला हवी होती, हे त्यातून कळतं."

"मग मी अडाणी ठरतो."

"तसंच ठरायचंय," पाठारे म्हणाले.

मॅडम समोर बसल्या होत्या, शेजारी सखुबाई. सखुबाईची बोटं तिच्या मांडीवर होती, वाकडी, एकमेकांत अडकलेली. गुणाजींनी एकदा त्या बोटांकडे पाहिलं आणि सही केली. सहीचं वळण मात्र नेहमीपेक्षा बारीक आलं.

नवव्या दिवशी, वकिलांची माणसं अजून कोकणातच असताना, रांगेतली एक कॉलेजची मुलगी देखाव्यापुढे थांबली ती थांबलीच. मागचे ढकलत होते, तिला पत्ता नाही. तिने पंजे पाहिले, सूजासुर पाहिला, मग मान तिरकी करून माळ पाहिली.

"काका, हे तुम्ही केलंय? रिसेप्टर आहेत ना हे? किती मस्त!" ती म्हणाली. "पण ही दोरी आखूड पडतेय बघा. दोन्ही पंजे कसेबसे टेकतायत. जरा लांब हवी होती ना?"

इतक्या हजारांत एक. तिला आत नेऊन खुर्चीवर बसवावं, चहा द्यावा, ताण आणि गुंता सगळं सांगावं, आणि बाई गं, माझे सहा मणी घरी डब्यात आहेत, हेही सांगावं, असं गुणाजींना झालं. कौसल्यावहिनी दारातून पाहत होत्या.

"नाही हो ताई," गुणाजी म्हणाले. "एवढीच असते. आमच्या मोठ्या मॅडमनी सांगितलंय. चला, पुढे सरका, लाईन थांबते."

मुलगी पुढे सरकली. जाता जाता मैत्रिणीला म्हणाली, "बिचाऱ्यांना काही कळत नाही गं, पण हौस किती!"

गुणाजींनी ते ऐकलं, मान खाली घातली आणि मोटरचं बटण पुन्हा दाबलं.