मी दाखवलेली वाट

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. पोरीजवळही नाही. सुमनला, माझ्या बायकोला, सांगायला पाहिजे होतं — ती जाऊन आठ महिने झाले. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी राजमिस्त्री. चौथी शिकलो, तीही ढकलत. पस्तीस वर्षं विटा रचल्या, मिहानकडच्या मोठ्या इमारतींवरही. आमच्या लेआउटमधले, म्हणजे वस्तीतले लोक म्हणायचे, मिस्त्रीले सगळं समजते. काय समजत होतं? नकाशा इंजिनिअर वाचायचा, दोरी तो लावून द्यायचा. मी दोरीवर भिंत उचलायचो. नकाशा मला कधी वाचताच आला नाही. पण लोक मान देतात तर नाही काहून म्हणू?

आमच्या लेआउटमधलं जुनं शॉपिंग कॉम्प्लेक्स वाढवायचं ठरलं. त्याच्या मागून एक वाट होती, दोन माणसं जातील एवढी. सुमन त्या वाटेनं रोज दोनदा बहिणीकडे डबा न्यायची. बहीण लकव्यानं पडून, घरात एकटी. पाच मिनिटांचं चालणं. सुमनच्या गुडघ्यांना तेवढंच झेपायचं.

महापालिकेत हरकती द्यायच्या आधी कॉम्प्लेक्सच्या मालकाच्या माणसानं समाजभवनात नकाशा पसरला. मला खुर्ची दिली — बाकी सगळे उभे. मी चष्मा लावला. रेघाच रेघा, वर इंग्रजी अक्षरं. मी मान हलवत राहिलो. सुमन बायकांमधून पुढं आली.

"अहो, मागची वाट हाये ना त्याच्यात?"

मले हे वाचता येत नाही — एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का? मी बोट ठेवलं. कशावर ठेवलं, मलाच माहीत नाही. म्हटलं, "हे काय, हाये."

"झालं, मिस्त्रीनं पास केला," कोणीतरी म्हणालं. लोक हसले. हरकत कोणीच लिहिली नाही.

भिंत उभी झाली. वाट गेली. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जायला सुमनला अर्धा तास लागायचा. दुपारचा डबा सुटला, संध्याकाळचा तेवढा राहिला.

इथवर चूक म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण सुमन म्हणाली, "तुमी तं पायली होती वाट." आणि मी म्हणालो — मागून बदलला असन नकाशा, चोर हायेत ते.

तिनं ते खरं धरलं. बायका जमवल्या, वर्षभर महापालिकेत चकरा मारल्या. तिथला साहेब म्हणायचा, बाई, नकाशा पहिल्यापासून हाच आहे. ही त्याच्याशी भांडायची — "खोटं बोलून राहिले तुमी. माह्या माणसानं बोट ठेवून दाखवली." एकदा मला म्हणाली, चला, साहेबासमोर सांगा. मी म्हटलं, कंबर धरली. पुढच्या वेळी म्हटलं, ताप आहे. मग तिनं विचारणं सोडलं.

बायका एकेक गळाल्या. शेजारीण म्हणाली, "तुह्या मिस्त्रीलेच आण ना वं, तो काहून लपते?" तीस वर्षांची मैत्रीण — सुमन तिच्याशी पुन्हा बोलली नाही. माझ्यापायी.

त्या हिवाळ्यात बहीण पलंगावरून पडली. सुमन संध्याकाळी डबा घेऊन पोचली, तेव्हा ती जमिनीवर थंड झाली होती. सकाळी पडली की दुपारी, कोण सांगणार? दुपारी जाणारं कोणी नव्हतंच.

त्यानंतर सुमननंही अंथरूण धरलं. पडल्या पडल्या ती त्या साहेबाला शिव्या द्यायची — यानंच खाल्ली माही बहीण. तो माणूस खरं बोलत होता. मी तिच्या उशाशी बसून हो म्हणायचो.