होटगीची चटणी

तो होटगीहून सकाळच्या गाडीनं यायचा आणि दुपारच्या सुट्टीत आमच्या गिरणीच्या दाराशी टोपली मांडायचा. टोपलीत त्याच्या गावातल्या चार-पाच घरांची शेंगाचटणी असायची, प्रत्येक घराचं गाडगं वेगळं. अडत्याला शेंगा घालण्यापेक्षा घरीच चटणी कुटावी, हे गावाला त्यानंच पटवलं होतं.

विकण्याआधी प्रत्येक गाडग्यातली चिमूट जिभेवर ठेवून तो डोळे मिटायचा. आम्ही भुकेले ताटकळायचो. मला तर रागच यायचा.

एकदा त्यानं पहिलंच गाडगं बाजूला सारलं. म्हणाला, "ही खवट हाय. इकायची न्हाय."

"कुणाच्या घरची?" मी विचारलं.

"आमच्याच की."

शेजाऱ्यांची गाडगी नेहमीसारखी रिकामी झाली. भोंगा झाला तसा मी आत निघालो. सहज वळून पाहिलं, तर तो भिंतीच्या सावलीत शिदोरी सोडून बसला होता. भाकरीवर तीच खवट चटणी होती, चांगली ढीगभर.

"मामा, ती कशाला खाताय?"

त्यानं घास संपवला. "आमच्या मंडळीनं लई मन लावून कुटलीय. सगळ्यांची गाडगी रिकामी आन् तिचं तेवढं भरल्यालं, आसं कसं न्यावं घरी?"