तळ्याकाठचं भरलेलं टमरेल

नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडेखोर पकडले. पण जुनी माणसं भेटली की हटकून आठवतो तो तळ्याकाठी हरवलेला जावई. नावं सांगत नाही. मंडळी अजून नारायणगुड्यात राहतात.

शहरात तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या आणि गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या. मी हैदराबादच्या वेशीवरच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीतल्या जंगलात एक तळं होतं. वनखात्याने त्याच्या काठाची जागा साफ करून लोकांना तंबू ठोकायला खुली केली होती. सोयी दोनच, एक हातपंप आणि एक चौकीदार.

एका रविवारी हजेरी चालू असताना तोच चौकीदार सायकलवरून धापा टाकत आला. “साब, एक साब पानी में गए!”

डायरीत नोंद केली, हवालदाराला घेतलं आणि जीप काढली.

काठावर दोन रंगीत तंबू, कुकर, सतरंज्या आणि कॅरमबोर्डसुद्धा. सासरे नारायणगुड्यातले वकील. नव्या कंपनीत लागलेल्या जावयाने हौसेने तंबू विकत घेऊन सासुरवाडीला निसर्गात आणलं होतं, आणि सकाळपासून तोच नाहीसा झाला होता. पाण्यापासून दहा-बारा पावलांवर त्याचं टमरेल सापडलं होतं. कोळ्यांनी जाळं टाकायला सुरुवात केली होती. मुलगी पाण्याकडे पाहत दगडासारखी बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

“मगरीनं नेलं काय की हो!” सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

“पुराव्याशिवाय मगरीचं नाव घेऊ नकोस,” वकीलसाहेब म्हणाले.

मी मुलीला विचारलं, “तुमचं काही भांडण झालं होतं?”

“हा सूचक प्रश्न आहे,” वकीलसाहेबांनी हरकत घेतली. त्यांना हवालदाराबरोबर हातपंपाकडे पाठवलं, तेव्हा कुठे जबाब पुढे सरकला.

भांडण नव्हतं. “फक्त काल दुपारपासून जेवले नाहीत,” ती म्हणाली. “आईनं भरीत केलं होतं, तेही नक्को म्हणाले. संध्याकाळचा चहासुद्धा नाही.”

मी टमरेलाकडे पाहिलं. ते कोरड्या जागी, नीट उभं ठेवलेलं होतं, आणि काठोकाठ भरलेलं होतं. घसरून पडलेल्या माणसाचं टमरेल असं उभं राहत नाही. आणि काम उरकलेल्या माणसाचं भरलेलं राहत नाही.

तेवढ्यात वकीलसाहेबांना पंपाशी बसवून, तंबू तपासून हवालदार आला. “सार्, चपला आहेत. बूट नाहीत.”

बूट घालून कोणी पोहायला जात नाही. कोळ्यांना थांबवलं आणि चौकीदाराला विचारलं, पहाटे या रस्त्याने काय जातं? दुधाची व्हॅन, तो म्हणाला. गावातल्या दूध केंद्रावर ड्रायव्हर परतलाच होता.

“हौ साब, एक साब बैठे थे. पसीना पसीना! हर मोड़ पे बोलते, ‘जल्दी चलाओ मियाँ.’ चिक्कडपल्ली में गाड़ी रुकने के पहले ही कूद गए.”

शहरातल्या चिक्कडपल्लीला या जोडप्याचा फ्लॅट होता. फोनसाठी अर्ज केलेला, फोन आलेला नव्हता. सगळ्यांना जीपमध्ये कोंबून आम्ही निघालो.

बराच वेळ बेल वाजवल्यावर दार उघडलं. जावईबापू लुंगीवर, न्हालेले, नुकत्याच झोपेतून उठलेले. चेहऱ्यावर समाधान असं, की तसं मी निर्दोष सुटलेल्या आरोपीच्याही चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मागे पोलीस आणि सासरे दिसताच ते मात्र मावळलं.

“उघड्यावर जमेचना,” तो पुटपुटला. “म्हटलं, तुम्ही उठायच्या आत परत येईन. जरा टेकलो आणि डोळा लागला.”

मुलीने त्याच्या छातीवर दोन गुद्दे मारले आणि मग ती रडली. “मला तरी सांगायचं होतंत!”

“तूच सगळ्यांना सांगत होतीस, आमचे हे जंगलात कुठंही राहतील म्हणून. कसं सांगू?”

ती काहीतरी बोलणार होती, पण एकाएकी थांबली, डोळे पुसले आणि त्याला बाजूला सारून आत धावली. मोरीशेजारचं दार धाडकन लागलं. पाठोपाठ सासूबाईही लगबगीने आत गेल्या आणि त्या दाराबाहेर नंबर लावून उभ्या राहिल्या.

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. “डायरीत कारण काय लिहिणार?”

“नैसर्गिक,” मी म्हणालो.

त्या दिवसानंतर माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की शत्रू कोण, देणं कोणाचं, हे सगळं मी नंतर विचारत असे. आधी विचारत असे, शेवटचा चहा त्याने घेतला होता की नाही. माणसं जिवाची जोखीम सांगतात, पोटाची सांगत नाहीत.